बांधकामाचे नियम कुणाच्या मालकीचे?

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



२१ मार्च २०२४ ची सकाळ हिंगोली जिल्ह्यातील कुणाला नव्याने सांगावी लागणार नाही. सहा वाजून आठ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि लोक घराबाहेर पडून सावरतात न सावरतात तोच अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का आला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात तर भूगर्भातून येणारे आवाज वर्षानुवर्षे लोकांच्या अंगवळणी पडले आहेत. हे धक्के मध्यम स्वरूपाचे होते हे खरे. पण जमीन हलली की मराठवाड्याच्या ओठांवर एकच नाव येते, ते म्हणजे किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. गणरायाला निरोप देऊन गावे नुकतीच झोपी गेली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे काही क्षणांत दगडमातीच्या ढिगाऱ्यांत रूपांतरित झाली. सुमारे आठ हजार जीव गेले. त्या काळच्या भूकंप-नकाशात हा सारा टापू पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात रंगवलेला होता. पुढे २००२ च्या सुधारित मानकाने पहिला विभागच रद्द केला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

परंतु माणसे भूकंपाने मेली असे म्हणणे अर्धेच सत्य आहे. ती घराने मारली. मराठवाड्यातील जुने माळवदाचे घर डोळ्यांपुढे आणावे. दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. त्या भिंतीचे अंतरंग मात्र फसवे असते. बाहेरून एक दगडी फळी, आतून दुसरी आणि मध्ये मातीत कालवलेले डबर. दोन्ही फळ्यांना एकत्र बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड नसेल, तर धक्क्यासरशी बाहेरची फळी बाहेर कोसळते, आतली आत, आणि माळवदाचा सारा भार खाली झोपलेल्यांवर येतो.

यावर उपाय नव्हता का? होता, आणि तो लिहिलेलाही होता. कमी ताकदीच्या दगड-विटांच्या घरांना भूकंपात कसे टिकवावे, हे सांगणाऱ्या भारतीय मानकाचा क्रमांक आहे १३८२८ आणि साल आहे तेच, १९९३. दगडी भिंत साडेचारशे मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड फुटापेक्षा जाड नसावी. दर दोन फूट उंचीला आणि आडव्या दिशेने दर चार फुटांच्या आत एक आरपार दगड असावा. दारे-खिडक्यांच्या वरून साऱ्या भिंतींना कवेत घेणारी अखंड पट्टी फिरवावी. यासाठी परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. साखऱ्यातील कोणताही जाणता गवंडी ओळंब्याच्या दोरीइतक्या सहजपणे हे करू शकतो. त्याला ते कुणी तरी सांगितले पाहिजे, एवढीच अट.

नेमके येथेच घोडे अडले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८६ च्या कायद्याने तिचे भारतीय मानक ब्युरोत रूपांतर झाले. या संस्थेने उभे केलेले काम थोर आहे. सिमेंट-काँक्रीटपासून सळईच्या रिंगेची टोके १३५ अंशांत आत वळवण्यापर्यंत हजारो बारकावे तिच्या समित्यांनी अभ्यासून लिहिले. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम आली, मग १९८३, २००५ आणि २०१६ अशा तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पण हे ज्ञान दीर्घकाळ विक्रीच्या वस्तूसारखे ठेवले गेले. २००५ च्या संहितेची किंमत एका टप्प्यावर तेरा हजार रुपयांच्या पुढे होती. ज्या कुटुंबाला घरकुलासाठी एक लाख वीस हजार रुपयांचे अनुदान मिळते, त्याने त्यातील दहावा हिस्सा पुस्तकावर खर्च करायचा काय? नगरपालिकेची नियमावली सांगते की इमारतीची मजबुती राष्ट्रीय संहितेप्रमाणे असावी. आणि ती संहिता पाहायची तर पैसे मोजावे लागत. जो नियम पाळण्याची सक्ती आहे, तो वाचण्यासाठी शुल्क, हा न्याय कोणत्या राज्यशास्त्रात बसतो?

या विसंगतीवर बोट ठेवले ते एका अमेरिकन नागरिकाने, हे आपल्याकडच्या अभियंत्यांना काहीसे खटकायला हवे. कार्ल मालामुद यांनी भारतीय मानकांच्या प्रती विकत घेऊन हजारोंच्या संख्येने इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य ठेवल्या. ब्युरोने हरकत घेतली. तेव्हा मालामुद यांच्यासह श्रीनिवास कोडाली आणि ‘इंडियन कानून’चे सुशांत सिन्हा या भारतीय तरुणांनी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यांचा मुद्दा साधा होता. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने शासनाने माहिती आपणहून खुली करायची आहे. मग जीवरक्षणाची माहिती कुलुपात कशी?

अमेरिकेतही हा तंटा झाला होता. टेक्सासमधील ॲना आणि सॅव्हॉय या दोन छोट्या गावांचे इमारत-नियम पीटर व्हीक या गृहस्थाने इंटरनेटवर टाकले, तेव्हा ते नियम लिहिणाऱ्या संस्थेने स्वामित्वहक्काचा दावा केला. २००२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने व्हीकच्या बाजूने कौल दिला : एकदा नियम कायदा झाला की कायदा म्हणून तो साऱ्यांचा. युरोपीय न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये काही मानकांबाबत याच दिशेने निर्णय दिला.

विरोधी बाजूचा युक्तिवादही ऐकला पाहिजे. मानके तयार करायला खर्च येतो, तो विक्रीतून निघाला पाहिजे, असे सांगितले जाते. परंतु ब्युरोचे मुख्य उत्पन्न मानकांच्या विक्रीतून नव्हे, तर आयएसआय चिन्हासारख्या प्रमाणीकरणाच्या शुल्कातून येते. समित्यांवर बसणारे कितीतरी तज्ज्ञ आयआयटींमधून आणि शासकीय खात्यांतून येतात. त्यांचे वेतन जनतेच्याच करातून दिले जाते.

येथे आपल्या परंपरेकडेही डोळसपणे पाहावे लागेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावे, सांडपाणी कुठून न्यावे याचे नियम आहेत आणि ते मोडणाऱ्यास दंडही आहे. भोजराजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ वास्तुविद्येचा सागर आहे. हिंगोलीकरांना तर दूर जायला नको. औंढा नागनाथाच्या मंदिराचे कोरीव दगड पाहिले की त्या शिल्पींची जाण कळते. पण त्या शिल्पींची विद्या गावच्या साध्या घरापर्यंत पोहोचली नाही, ती घराण्यांच्या कोषातच राहिली. मंदिर उभे राहिले, भोवतालची घरे डबराचीच राहिली. हा दोष परक्यांच्या माथी मारता येणार नाही.

अलीकडच्या काळात ब्युरोने भारतीय मानके आपल्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली, हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. भूजच्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर आयआयटी कानपूरने भूकंपरोधक बांधकामावर सोप्या भाषेतील सचित्र टिपणे काढून ती आधीच सर्वांना खुली केली होती. तरी अडचण संपलेली नाही. मानके मुख्यतः इंग्रजीत आहेत, काही हिंदीत. किल्लारीत ज्यांच्यावर छत कोसळले त्यांची भाषा मराठी होती, आणि आज घरकुल बांधणाऱ्या गवंड्याची भाषाही मराठीच आहे.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार गावात घर बांधायला पंचायतीची परवानगी लागते. परवानगीचा कागद घ्यायला माणूस कार्यालयात येतोच. त्याच वेळी त्याच्या हाती मराठीतील एक पानी पत्रक आणि चार आकृत्या द्यायला काय हरकत आहे : आरपार दगड कुठे, पट्टी कुठे, कोपऱ्यात सळई कशी, रिंगेचे टोक कसे वळवायचे? तालुक्यातील शाखा अभियंत्याने एका दुपारी गावातील गवंड्यांना बसवून ते समजावून सांगावे, आणि सुरुवात पंचायतीच्या पुढच्या मंजूर घरकुलापासून, जोत्याचे काम सुरू होण्याआधी करावी.