आधी मागचे महिने मोजा : सीएपीएम की पीएमपी?

(समाजाच्या युवक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



गणपतीच्या दिवसांत गाणी-नाटकं सोडून मी परीक्षांवर बोलावं, हा तुमच्यावर थोडा अन्यायच आहे. पण वर्षभर समाजातली मुलं आणि त्यांचे आईवडील मला एकच प्रश्न विचारत आहेत, तेव्हा कार्यकारिणी म्हणाली की एकदाच सगळ्यांना सांगून टाका. प्रश्न असा : प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र घ्यायचं, तर सीएपीएम घ्यावं की पीएमपी?

दोन्ही परीक्षा पीएमआय या अमेरिकन संस्थेच्या. संस्था १९६९ सालची. पीएमपी १९८४ पासून आहे, सीएपीएम बरीच नंतर आली. लोक समजतात की हे पहिली आणि दुसरी इयत्ता असावी तसं आहे, म्हणजे आधी सीएपीएम आणि मग पीएमपी. तसं नाही. सीएपीएम न देता थेट पीएमपी देता येते. फरक इयत्तेचा नाही, फरक तुमच्या मागे काय आहे याचा आहे.

हे समजायला प्रोजेक्ट कशाला म्हणतात ते पक्कं हवं. अनंत चतुर्दशीला आपल्या इंदुरात गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांचे भोंगे बंद होऊन किती वर्षं झाली, पण झांक्या निघतात. गिरणी रोज चालवणं हा प्रोजेक्ट नव्हता, ते नित्याचं काम. झांकी हा प्रोजेक्ट. दरवर्षी देखावा नवा, पैसे मोजके, आणि तारीख पुढे ढकलायची सोय नाही. आता झांकीच्या मांडवात दोन तरुण उभे आहेत असं समजा. एकाला कळतं की आधी लोखंडी सांगाडा, मग मोटारी, मग कापड आणि दिवे, आणि प्रत्येक गोष्टीला काय म्हणतात. दुसऱ्याने मोटारवाला आला नाही तेव्हा रात्री दहाला दुसरा शोधून आणला आणि झांकी वेळेवर रस्त्यावर काढली. पहिल्याने सीएपीएम द्यावी, दुसऱ्याने पीएमपी.

आता आकडे. हे २०२५ चे आहेत. संस्था नियम अधूनमधून बदलते, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वेळची पुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

सीएपीएमला बारावीपर्यंतचं शिक्षण आणि या विषयाचं २३ तासांचं प्रशिक्षण लागतं. अनुभव शून्य चालतो. पेपर १५० प्रश्नांचा, वेळ तीन तास. पीएमपीला ३५ तासांचं प्रशिक्षण आणि शिवाय प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो : चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने, आणि डिप्लोमा असेल तर ६० महिने. हा अनुभव मागच्या आठ वर्षांतला हवा. पेपर १८० प्रश्नांचा, २३० मिनिटांचा. सीएपीएम झालेल्याला ३५ तासांच्या प्रशिक्षणाची अट लागत नाही, एवढी एकच सवलत वर जाताना मिळते.

मी स्वतः डिप्लोमावाला. ३६ आणि ६० हे दोन आकडे शेजारी-शेजारी वाचले की आमच्या जातीच्या माणसाला वाटतं, चला, इथेही आपण मागच्या बाकावर. पण नीट पाहा. डिप्लोमा झालेला मुलगा एकोणीस-विसाव्या वर्षी साइटवर उभा राहतो. ६० महिने भरायला त्याला जो वेळ लागतो, तेवढ्यात त्याच्या वयाचा पदवीवाला ३६ भरून जेमतेम बाहेर पडत असतो. शिवाय प्रमाणपत्र हातात आलं की ते दोघांचं सारखंच, त्यावर डिप्लोमा-डिग्री काही लिहिलेलं नसतं. सरकारी बढतीत आमच्यासाठी जो वेगळा कोटा आणि वेगळी वाट असते, तसली वाट इथे नाही.

खरा घोटाळा होतो तो महिने मोजण्यात. नोकरीचे महिने म्हणजे अनुभवाचे महिने नव्हेत. ‘बारा वर्षं सर्व्हिस आहे, म्हणजे झालंच की,’ असं कोणी म्हणालं तर मी विचारतो, त्यात प्रोजेक्ट किती चालवले? बिलं तपासणं, माहितीच्या अधिकाराची उत्तरं, पावसाळ्यापूर्वीची खड्डे-भरती, हे सगळं गिरणी चालवण्यासारखं. पाण्याची टाकी बांधली, शाळेची इमारत बांधली, जुनी नोंदवही काढून कार्यालयात नवी संगणक प्रणाली बसवली, ही झांकी.

आणि दोन कामं एकाच वेळी चालली तर ते महिने एकदाच धरतात. समजा टाकीचं काम जानेवारी ते डिसेंबर चाललं आणि शाळेचं त्याच वर्षीच्या जुलैपासून पुढच्या जूनपर्यंत. बेरीज चोवीस होते, पण अर्जात धरायचे अठरा. आपल्याकडे एका उपयंत्र्याच्या गळ्यात सात-सात कामं असतात, त्यामुळे हा हिशेब नीट केला नाही तर चांगलीच फसगत होते.

उलट बाजूही सांगतो, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. आपल्या समाजातले कितीतरी जण पीएमपीला पात्र आहेत आणि त्यांना ते माहीत नाही. कारण पदाच्या नावात मॅनेजर नाही. पीएमआय पदनाम विचारत नाही, तुम्ही काय केलंत ते विचारते. नस्तीवर सही कार्यपालन यंत्र्यांची असते हे खरं, पण कामाचा कालक्रम कोणी आखला? ठेकेदार, वीज कंपनी आणि नगरपालिका या तिघांना एका टेबलाशी कोणी बसवलं? पाइप उशिरा येणार हे कळल्यावर आधी चाचणी-खड्डे आणि मग भिंत, असा क्रम कोणी फिरवला? टाकी भरून गळती तपासून हस्तांतरण कोणी केलं? उपयंत्र्याने. मग ते तसं लिहा. ‘मोजमाप पुस्तिका भरली, देखरेख केली’ एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला तुम्ही कारकून वाटणार. सरकारी माणसाला कर्मणी प्रयोगात लिहायची सवय असते : काम करण्यात आले, बैठक घेण्यात आली. या अर्जात ‘मी केलं’ असं लिहावं लागतं. आपल्यातल्या जुन्या माणसांना ते जड जातं, पण तो उद्धटपणा नाही.

पीथमपूरच्या कारखान्यात नवी लाइन बसवणारे, सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत टीम सांभाळणारे, त्यांचंही हेच. अशा माणसाने वर्षभरात ३६ किंवा ६० महिने भरणार असतील तर सीएपीएमवर पैसे घालू नयेत. थांबावं, अभ्यास करावा आणि थेट मोठी परीक्षा द्यावी. ‘आधी लहान देऊन बघतो’ हा भिडस्तपणा महागात पडतो, कारण दोन परीक्षांचं शुल्क, दोनदा तयारी आणि शेवटी लोक विचारणार पीएमपीचंच.

आता कॉलेजातल्या आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींकडे वळतो. तुम्हाला जाहिराती येतात, चार दिवसांत पीएमपी. चार दिवसांत होतात ते ३५ तास. क्लासने दिलेला तो कागद म्हणजे हजेरीचा दाखला, पीएमपी नव्हे. तो बायोडाटात पीएमपी म्हणून लिहिणं सरळ खोटं आहे. याच्याही पुढे जाऊन काही क्लासवाले सांगतात की अनुभव आम्ही लिहून देऊ. पालकहो, तिथे उठून बाहेर या. पीएमआय काही अर्ज तपासणीसाठी निवडते आणि मग प्रत्येक प्रोजेक्टसाठी, काम जवळून पाहिलेल्या माणसाकडून दुजोरा मागते. वरिष्ठाने कोणाच्या भरवशावर सही करायची? आणि समजा तपासणी टळली, पेपरही निघाला, तर मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला पोरगा उघडा पडतो. सहा महिन्यांच्या नोकरीवर साठ महिन्यांचं ओझं कसं पेलणार?

अशा मुलांसाठी सीएपीएम आहे, पण तिच्याकडूनही भलती अपेक्षा ठेवू नका. नुसत्या सीएपीएमवर नोकरी लागते असं मी म्हणणार नाही. आधी आपला धंदा यायला हवा : स्थापत्य असेल तर काँक्रीट, संगणक असेल तर प्रोग्रामिंग. ते येत असेल आणि मोठ्या अनुभवाला अजून चार-पाच वर्षं असतील, तर सीएपीएमने भाषा येते. बैठकीत बसलं की कळतं कोण कशाबद्दल बोलतंय. आताच्या पेपरात जुन्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीबरोबर अजाइल आणि गरजांचं विश्लेषण यांवरही भरपूर प्रश्न असतात, त्यामुळे आयटीतल्या मुलांना ती कोरडी वाटणार नाही.

आपल्या लेकी-सुनांबद्दल मुद्दाम वेगळं सांगतो. आठ वर्षांची जी खिडकी मी म्हटली, ती अर्जाच्या दिवसापासून मागे मोजतात. समजा एखादीने चार वर्षं प्रोजेक्ट चालवले, मग मुलांसाठी नोकरी सोडली आणि आज घरी बसून पाच वर्षं झाली. पदवीवर तिला ३६ महिने लागतात. खिडकीत आज तिची शेवटची तीन वर्षंच बसतात, म्हणजे काठावर पास. आणखी सहा महिने गेले की तीसच उरतात आणि केलेलं काम या परीक्षेपुरतं वाया जातं. ‘मुलगा पहिलीत गेला की बघू’ असं ठरलेलं असेल, तर कॅलेंडर काढून आज रात्रीच हिशेब करा. घरच्यांनी तिला अभ्यासाला रोजचे दोन तास मोकळे करून द्यावेत, कारण पीएमपीचे प्रश्न पाठांतराचे नसतात, प्रसंग देऊन तुम्ही आधी काय कराल असं विचारतात.

सरकारी नोकरीतल्या मित्रांना एक रोखठोक गोष्ट. यामुळे वेतनवाढ मिळत नाही, वरिष्ठता बदलत नाही. प्रतिनियुक्तीवर जायचं असेल, निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून काम करायचं असेल किंवा सल्लागार कंपनीच्या पोराने इंग्रजी शब्दांचा मारा केला तर त्याला त्याच्याच भाषेत उत्तर द्यायचं असेल, तरच या वाटेला जा. प्रमाणपत्र एकदा मिळालं की संपलं असंही नाही. दर तीन वर्षांनी पीएमपीला ६० आणि सीएपीएमला १५ शिक्षण-गुण दाखवून नूतनीकरण करावं लागतं, त्याचं शुल्क वेगळं.

प्रिन्स-टू बद्दलही कोणीतरी विचारलं होतं. ती ब्रिटिश पद्धत. तिथे मात्र खरोखर पायऱ्या आहेत, फाउंडेशन आणि मग प्रॅक्टिशनर, आणि फाउंडेशनला अनुभवाची अट नाही. युरोपातल्या ग्राहकांचं काम करणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

ज्यांना आपले महिने मोजून हवे आहेत त्यांनी एका कोऱ्या कागदावर प्रत्येक कामाचं नाव, सुरुवातीचा आणि शेवटचा महिना आणि काम जवळून पाहिलेल्या वरिष्ठाचं नाव लिहून आणावं. विसर्जन झाल्यावर पुढचे चार रविवार सकाळी दहा ते बारा मी समाजाच्या वाचनालयात बसणार आहे. फी नाही, चहा समाजाचा.