हॉल कुणाचा आणि दार कुणाला?

(परिसंवादाच्या तयारीसाठी जमलेल्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



सकाळपासून आपण विषय ठरवला, वक्त्या ठरवल्या, पत्रिकेचा मजकूरही झाला. जागेचं मात्र 'कुणीतरी बघून घेईल' असं म्हणून पुढं गेलो. ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा मीच असते. म्हणून ही दहा मिनिटं मागून घेतली.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला जागा हा अगदी शेवटचा मुद्दा असे. माणसं किती मावतील, भाडं किती, माईक आहे का, संपलं. मीही बरीच वर्षं तसंच करत होते. मग एक प्रसंग घडला.

एका तालुक्याच्या गावी घरातल्या मारहाणीवर आम्ही एक दिवसाचा परिसंवाद ठेवला होता. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा बायांपर्यंत पोचावा, हा हेतू. एका पतसंस्थेचा वरच्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळाला. पंखे, खुर्च्या, सगळं होतं. आम्ही खूश. साठ बाया येतील असं धरलं होतं, आल्या बावीस, त्यातल्या निम्म्या आपल्याच कार्यकर्त्या. आम्ही लग्नसराईला दोष दिला आणि अहवाल लिहून टाकला. महिन्याभरानं केंद्रावर एक बाई आली. म्हणाली, "ताई, मी त्या दिवशी आले होते. जिन्याच्या तोंडाशी संचालकांचे फोटो लावलेत ना, त्यात माझ्या थोरल्या दिरांचा फोटो आहे. खाली बसलेला शिपाई आमच्या घरी येतो-जातो. मी तिथूनच मागं फिरले." मधल्या महिन्यात तिनं आणखी दोनदा मार खाल्ला होता. आम्हाला फुकट मिळालेल्या हॉलचं भाडं तिनं भरलं.

तेव्हापासून जागा बघताना माझा पहिला प्रश्न असतो, ही कुणाची? आणि दुसरा, आत शिरताना बाईला कोण कोण बघणार? शाळा, ग्रंथालय, दवाखान्याशेजारची खोली, अशा जागांचा एक फायदा असतो. घरी सांगायला दुसरं कारण मिळतं. 'मुलीच्या शाळेत जाऊन येते' म्हणून बाई निघू शकते. देवळाचं सभागृह स्वस्त पडतं हे खरं. पण पाळी आलेली बाई, मुसलमान बाई, बौद्ध बाई तिथं येईल का? येईलही कदाचित. बोलेल का?

जागा नाकारणं हे आपल्याकडचं जुनं हत्यार आहे. डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांनी महाडला सत्याग्रह परिषद भरवली, तेव्हा मंडपासाठी जमीन द्यायला गावातले सवर्ण तयार झाले नाहीत. एका मुसलमान गृहस्थानं जागा दिली, म्हणून मंडप उभा राहिला. मनुस्मृतीचं दहन त्या परिषदेत झालं आणि बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले तेही त्याच वेळी.

अलीकडचं सांगायचं तर 1995 सालची बीजिंगची जागतिक महिला परिषद घ्या. स्वयंसेवी संघटनांचा मंच यजमानांनी शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर ह्वायरोऊला हलवला. शहरातलं स्टेडियम धोक्याचं आहे, असं कारण दिलं. तरी तीस हजारांच्या आसपास बाया पोचल्या. पाऊस, चिखल, तंबू, सगळं सोसलं. अपंग स्त्रियांना मात्र कितीतरी सत्रांच्या जागी जाताच येईना. त्यांनी तिथंच निदर्शनं केली.

बीजिंगला हसायला नको. आपले मागचे तीन कार्यक्रम लागोपाठ दुसऱ्या मजल्यावर झाले, लिफ्ट नव्हती. कुबड्या घेऊन चालणारी आपलीच एक सभासद तिन्ही वेळा आली नाही. आपण तिला कारणसुद्धा विचारलं नाही.

एसटीचं तसंच. 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं. पण शेवटची गाडी उशिरा सुटायला लागली नाही. स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर जागा हवी आणि शेवटचं सत्र त्या गाडीच्या आधी तासभर संपायला हवं. गावाबाहेरचं झाडांतलं सुंदर कार्यालय आपल्याला आवडतं, कारण आपण जीपनं जातो.

संडास स्वतः दार उघडून बघायचा. आतून कडी लागते का? पाणी नळाला आहे की बादलीनं आणायचं? पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का? पुरुषांच्या मुतारीसमोरून जावं लागतं का? हे व्यवस्थापकाला विचारू नका, तो 'सगळी सोय आहे' म्हणतो. तिथं झाडणाऱ्या मावशींना विचारा. पाणी किती वाजता जातं, ते त्यांना माहीत असतं.

पाळणाघराला शेजारचीच खोली हवी, मूल रडलं तर आईला कळेल इतकी जवळ. उंच स्टेज असेल तर वापरू नका. सतरंज्यांवर गोल बसू, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी वीसेक खुर्च्या ठेवू. आणि पत्र्याच्या छपराखाली माईक लावून बघितल्याशिवाय होकार देऊ नका. शब्द घुमतो, मागच्या बाईला काही कळत नाही, आणि ती उठून 'मला ऐकू आलं नाही' असं म्हणत नाही.

भाडं शक्यतो द्यायचं आणि पावती घ्यायची. फुकट घेतलं की मालकाचं बॅनर येतं, हार येतो, आणि 'दोन शब्द' चाळीस मिनिटं चालतात. तेही बायकांनी सहनशील कसं असावं यावर!

आता आपल्यासमोर दोन जागा आहेत. ग्रंथालयाची तळमजल्यावरची खोली, ती ऐंशी जणींना दाटीची होईल. आणि नगरपालिकेच्या शाळेचा हॉल. तो मोठा आहे, पण पत्र्याचा, आणि तिथले संडास रविवारी कुलूपबंद असतात असं ऐकते. येत्या रविवारी अकरा वाजता, म्हणजे कार्यक्रमाच्याच वेळेला, मी दोन्ही बघायला जाणार आहे. दोघी-तिघी बरोबर चला. कुबड्यांवर चालणाऱ्या आपल्या मैत्रिणीला मी विचारलंय, ती येते म्हणाली. तिच्या रिक्षाचे पैसे आपल्या खर्चात धरा.