पुन्हा तेच पान

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



टॅरोची पाने काढणारा माणूस कधी ना कधी एक प्रश्न घेऊन येतोच. "मी पाने नीट पिसते, दर वेळी वेगळे काही विचारते, तरी द टॉवर येतो तो येतोच. या महिन्यात तीनदा आला. आता काय होणार?" कुणाला टॉवर येतो, कुणाला डेथ, कुणाला डेव्हिल, तर कुणाला थ्री ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे हृदयात तीन तलवारी रुतलेले ते चित्र. टॅरोवाले अशा पानाला 'स्टॉकर कार्ड' म्हणतात. विचारणाऱ्याच्या आवाजात भीती असते, आणि त्या भीतीची टर उडवणे मला कधीच योग्य वाटलेले नाही.

मी बरीच वर्षे पाने काढते आहे, स्वतःसाठी आणि इतरांसाठीही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. पुन्हा पुन्हा येणारे पान भविष्य सांगत नाही. तरीही त्याच्याकडे नीट पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण आपण स्वतःला कोणता प्रश्न विचारायचे टाळतो आहोत, हे त्या पानापाशी थांबले की हळूहळू दिसायला लागते. पण त्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात: आपले हात, आकडे आणि आपली आठवण.

ही पाने मुळात आली कुठून, ते थोडक्यात पाहू. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला, आणि तो खेळासाठी. चार रंगांची ५६ पाने, त्यांच्यावर मात करणारी हुकमाची २१ आणि एक 'फूल', म्हणजे मूर्खाचे पान, अशी एकूण ७८. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सरदार घराण्यांसाठी १४५० च्या सुमारास रंगवलेल्या एका जोडातली ७४ पाने आजही शिल्लक आहेत. त्यांतली काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहेत, काही इटलीतल्या बेर्गामो शहरी. त्या जोडातून जी चार पाने नाहीशी झाली, त्यांत टॉवर आणि डेव्हिल आहेत. आज ज्यांचा सर्वांत धसका घेतला जातो ती दोन पाने त्या जोडात उरलेलीच नाहीत.

पुढची तीनशे वर्षे टॅरो हा मुख्यतः खेळच राहिला. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात लोक तो आजही खेळतात. आपल्या सावंतवाडीला दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने रंगवतात. त्यांवर साक्षात अवतारांची चित्रे असतात, तरी तो खेळच आहे. टॅरोला गूढ वलय आले ते १७८१ मध्ये. कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा ग्रंथ आहे, असे लिहिले. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियॉं या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये. पाने इजिप्तची असल्याच्या दाव्याला कसलाच आधार नाही, हे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवून दिले.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळचे वर्ष १९०९. त्या वर्षी लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने जो जोड काढला, तोच थोड्याफार फरकाने आज आपल्या हातात असतो. कल्पना गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या तेव्हा एकतीस वर्षांच्या चित्रकर्तीची. त्यापूर्वी बहुतेक जोडांमध्ये आठ पेल्यांच्या पानावर नुसते आठ पेले असत, जसे आपल्या पत्त्यांत आठ बदाम असतात. पामेलाने प्रत्येक साध्या पानावरही एक प्रसंग रंगवला. माणसे आली, आकाश आले, दुःख आणि उत्सव आले. म्हणून साधे पानही परत आले की आज आपल्याला वाटते, हे मला काही सांगते आहे. ते बोलणे एका बाईच्या कुंचल्यातून उतरलेले आहे. या कामाचे तिला फार थोडे पैसे मिळाले आणि १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती कर्जात असतानाच वारली. जोडाला नाव पडले ते प्रकाशकाचे आणि वेट यांचे. पानाच्या कोपऱ्यात तिची वेलांटीदार सही असते. पान हातात घ्याल तेव्हा ती एकदा जरूर शोधा.

आता तपासणी. आधी हात.

टॅरोची पाने मोठी असतात, साधारण ७० बाय १२० मिलिमीटर. ती दुमडू नयेत म्हणून आपण जोड दोन भागांत करून फरफर मिसळत नाही. हातातल्या हातात थोडी थोडी पाने वरून खाली सोडत राहतो. पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बायर या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले की ५२ पत्ते फरफर पद्धतीने नीट मिसळायला सात वेळा पिसावे लागतात. टॅरोच्या ७८ पानांना याहून थोडे जास्त. आणि आपल्या हातातल्या हातात पिसण्याच्या पद्धतीने तेवढेच मिसळायचे तर आकडा हजारांच्या घरात जातो. दहा-बारा वेळा पिसून आपण थांबतो, तेव्हा कालची पाने अजून एकमेकांना चिकटून असतात. काल टॉवर वर ठेवला असेल, तर आज तो जोडाच्या एखाद्या टोकापाशीच सापडण्याचा संभव मोठा. उपाय सोपा आहे. सगळी पाने टेबलावर पालथी पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर चांगली घुसळा. 'पाठलाग करणारी' काही पाने एवढ्यानेच पाठ सोडतात.

मग आकडे. रोज एक पान काढले आणि ते परत जोडात मिसळले, तर अकराव्या दिवसापर्यंत कोणते तरी पान दुसऱ्यांदा आलेले असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तीस दिवसांत तर ते जवळजवळ निश्चित. कोणते तरी एक पान तीस दिवसांत तीनदा येण्याची शक्यताही शंभरात सुमारे चाळीस आहे. आता कुणी आधीच सांगितले असते की या महिन्यात टॉवरच तीनदा येणार, तर त्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी होती. पण आपण आधी सांगत नाही. पान येऊन गेल्यावर त्याच्याकडे बोट दाखवतो, आणि शंभरात चाळीस वेळा घडणारी गोष्ट आपल्याला शंभरात एकदाच घडणारी भासते.

आणखी एक हिशेब पाहा. दर आठवड्याला तीन पानांचे रीडिंग केले, तर वर्षाला १५६ पाने होतात. प्रत्येक पानाच्या वाट्याला सरासरी दोन खेपा येतात. पण योगायोग समान वाटणी करत नाही. निव्वळ योगायोगानेसुद्धा तीन-चार पाने पाच किंवा अधिक वेळा येतील, आणि साधारण दहा पाने वर्षभरात एकदाही तोंड दाखवणार नाहीत. न आलेल्या त्या पानांबद्दल मला आजवर कुणी विचारलेले नाही.

इथे आठवणीचा भाग सुरू होतो. भाषाशास्त्रज्ञ आर्नल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये या अनुभवाची उकल केली. एखाद्या गोष्टीने लक्ष वेधले की ती जिथे तिथे दिसू लागते. मन तिला टिपत राहते, आणि प्रत्येक नवे दर्शन 'बघ, मी म्हटले नव्हते का' असा पुरावा बनते. टू ऑफ पेंटॅकल्स चारदा आले तरी ध्यानात राहत नाही. डेथ दोनदा आले की झोप उडते.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९५२ मध्ये अर्थपूर्ण योगायोगांची कल्पना मांडली, आणि अनेक टॅरोवाचक तिचा आधार घेतात. त्या कल्पनेला प्रयोगाचे पाठबळ मिळालेले नाही. मला ते लागतही नाही. पान निव्वळ योगायोगाने आले, असे पूर्णपणे मान्य करून मी पुढचे काम करते, आणि त्या कामाची किंमत यामुळे जराही कमी होत नाही.

ते काम कसे करायचे? एक वही करा. पाने पिसण्याआधी तारीख घाला आणि प्रश्न शब्द न् शब्द लिहा. पान आल्यावर लगेच पुस्तकातला अर्थ पाहू नका. आधी चित्राचे वर्णन चार ओळींत लिहा: काय दिसते, नजर प्रथम कुठे गेली, मन कुठे अडखळले. तेच पान पुन्हा आले की जुने वर्णन न वाचता नवे लिहा. मग सगळी वर्णने शेजारी ठेवा.

समजा, नोकरीबद्दल विचारणाऱ्या एका माणसाला एट ऑफ कप्स तीनदा आले. पुस्तकातला अर्थ सांगतो की आहे ते सोडून निघण्याची वेळ झाली. घाईत असलेला वाचक सांगेल, "सोडा नोकरी." आता चित्र पाहा. तांबडा झगा घातलेला, हातात काठी घेतलेला माणूस पाठ फिरवून डोंगराकडे चालला आहे. मागे पेले रचलेले आहेत, खाली पाच, वर तीन, आणि वरच्या रांगेत एक जागा मोकळी आहे. आकाशात चंद्र आहे. पहिल्यांदा या माणसाने लिहिले, "तो निघून चालला आहे." दुसऱ्यांदा लिहिले, "रांगेत एक पेला कमी आहे, काहीतरी राहून गेले आहे." तिसऱ्यांदा लिहिले, "रात्री का निघाला? कुणाला सांगितलेले दिसत नाही." पान तेच आहे, पण तीन वर्णने वाचली की एक गोष्ट लख्ख दिसते. नोकरी सोडायचे त्याच्या मनात केव्हाच ठरले आहे. अडले आहे ते घरी सांगण्यापाशी. तो तीनदा नोकरीबद्दल विचारत होता, आणि खरा प्रश्न बायकोशी बोलण्याचा होता.

हे पानाने सांगितले नाही, त्याने स्वतः लिहिले. पान दर वेळी तेच होते, म्हणूनच त्याच्या नजरेतला बदल उमटू शकला. पुन्हा पुन्हा येणाऱ्या पानाचे खरे मोल मला यात दिसते. रोज नवे पान आले तर आपण रोज नव्या चित्राबद्दल बोलतो. तेच पान आले की चित्र संपते आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ येते. इटालियन लेखक इतालो काल्व्हिनो यांनी तर एक अख्खे पुस्तक या पानांवर उभे केले. वाचा गेलेले प्रवासी आपापली कहाणी टॅरोची पाने मांडून सांगतात, आणि एकाच्या कहाणीतले पान दुसऱ्याच्या कहाणीत येते तेव्हा त्याचा अर्थ पार बदललेला असतो. अर्थ शेजारच्या पानांतून येतो, आणि मांडणाऱ्याच्या आयुष्यातून.

वहीनंतरची पायरी कृतीची. वर्णनांतून जो प्रश्न वर आला, त्यासाठी एक लहानसे, करता येण्याजोगे काम ठरवा आणि ते पान जोडातून काढून बाजूला ठेवा. आता माझा एकमेव कडक नियम. ते काम होईपर्यंत त्या प्रश्नावर पुन्हा पाने काढायची नाहीत. परिस्थितीत काहीच बदललेले नसताना पुन्हा विचारणे म्हणजे आपल्याला हवे ते उत्तर मिळेपर्यंत पाने उलटत बसणे.

इतरांसाठी पाने काढणाऱ्यांना मला कळकळीने काही सांगायचे आहे. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एकच व्यक्तिचित्र दिले, प्रत्येकाला 'हे खास तुझे' असे सांगून. त्यातली बहुतेक वाक्ये भविष्याच्या एका बाजारू पुस्तकातून घेतलेली होती. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग प्रत्येक टॅरोवाचकाने लक्षात ठेवावा. समोरचा "अगदी बरोबर" म्हणाला, याने आपले वाचन खरे ठरत नाही. घाबरलेल्या माणसाला "टॉवर पुन्हा आला, आणखी एक रीडिंग घ्या" असे सांगून पैसे घेणे हा विश्वासघात आहे. आजाराचा प्रश्न डॉक्टरांकडे, कज्ज्याचा वकिलांकडे न्यायचा असतो. आणि दिवसातून पुन्हा पुन्हा पाने काढल्याशिवाय कुणाला चैन पडत नसेल, तर त्याला जोड मिटायला सांगावे आणि समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला मदत करावी.

टॅरोला मी पाच-सहाशे वर्षांची एक चित्रपरंपरा मानते. तिला दैवी अधिकार दिला की ती माणसाला दुबळे करते. तिच्याकडे पाहत आपण लिहायला, विचार करायला बसलो, तर तीच पाने उपयोगी पडतात.

म्हणून तेच पान पुन्हा आले, तर पाने नीट घुसळली होती का ते पाहा, हिशेब आठवा आणि वही उघडा. मग स्वतःला विचारा, मागच्या वेळी हे पान आले तेव्हापासून मी काय केले? उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर जोड आवरून ठेवा. जो फोन करायचा राहिला आहे तो करा, जे बोलणे टाळले आहे ते बोला, जी तपासणी पुढे ढकलली आहे ती करून घ्या. ते झाल्यावर खुशाल पुन्हा पाने काढा. तेव्हा पान कोणतेही येवो, तुमच्याकडे विचारायला नवा प्रश्न असेल.