पंतप्रधानांना मराठी येत होतं!
(हुमनाबाद इथं तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'दिल्लीतला नवा पंतप्रधान आणि आपण'. दिल्लीत शपथविधी झाला की आपल्याकडं दोन पक्ष पडतात. काँग्रेस-भाजप नव्हे, हे पक्ष वेगळे. एक म्हणतो, "आता बघा, आपलं काहीतरी होणार." दुसरा म्हणतो, "कोणी का येईना, आपल्याला तेच ते." बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, माणिकनगरच्या जत्रेत हे दोघं तुम्हाला भेटतातच. आज मी दोघांबद्दलही बोलणार आहे. त्यासाठी तुमच्या जन्माआधीच्या एका शपथविधीकडं जाऊ.

२१ जून १९९१. पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. ठीक एक महिन्यापूर्वी राजीव गांधींची हत्या झाली होती. राव तर त्या वर्षी निवडणुकीलाही उभे नव्हते. राजकारणातून बाजूला होऊन हैदराबादला परतायची त्यांची तयारी चालली होती. तो माणूस एकदम देशाच्या खुर्चीवर बसला.

आता आपल्या लोकांना त्यांच्याबद्दल आशा का वाटली, ते ऐका. राव वरंगळकडचे. म्हणजे तुमच्या-माझ्या आजोबांसारखेच निजामाच्या राज्यात वाढलेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते होते, स्वामी रामानंद तीर्थांचे ते शिष्य. शिकायला पुण्यात आणि नागपूरला राहिलेले. रामटेकमधून १९८४ आणि १९८९ अशा दोन वेळा लोकसभेवर गेलेले. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, त्यांना मराठी नुसतं समजत नव्हतं, छान येत होतं. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. सांगा, मराठी कादंबरीचा अनुवाद केलेला दुसरा पंतप्रधान तुम्हाला माहीत आहे का?

मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. आमच्या गावात तात्या म्हणून एक म्हातारे होते, मुक्तिसंग्राम डोळ्यांनी पाहिलेले. ते म्हणाले, "हा आपल्या जुन्या राज्यातला माणूस. बिदर जिल्ह्याचे तुकडे कसे झाले, हे याला वेगळं सांगायची गरज नाही." आणि खरंच, १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरमध्ये राहिले. एका घरची सोयरीक तीन राज्यांत गेली. हे ज्यानं तरुणपणी जवळून पाहिलं, तो पंतप्रधान झाला, तर आशा वाटणारच की!

शंका घेणारेही कमी नव्हते. लोकसभेत सरकारला बहुमत नव्हतं. परदेशी चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं. देशाचं सोनं बाहेर गहाण पडलेलं. "हे सरकार दिवाळी तरी बघतंय का?" असं लोक उघड बोलत. किराणा दुकानदार असलेले आमचे एक काका म्हणाले, "ज्याला स्वतःचं घर सांभाळायचं आहे, तो तुमचं कुंपण कधी बघणार?"

पुढं काय झालं? शंका घेणारे एका बाबतीत साफ खोटे ठरले. ते सरकार पाच वर्षं चाललं. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला आणि देशाच्या अर्थकारणाची गाडी दुसऱ्या रुळावर गेली. आज तुमच्या हातात जो मोबाईल आहे, तुमच्यातले जे पुण्या-हैदराबादला कंपनीत काम करतात, त्याची मुळं तिथपर्यंत जातात. त्याच काळात ७३वी घटनादुरुस्ती झाली. ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळाला, बायकांना जागा राखीव झाल्या.

पण आशा धरणारेही जिंकले नाहीत. सीमेचा प्रश्न होता तिथंच राहिला. पुढं २००४ मध्ये महाराष्ट्र सरकारला सुप्रीम कोर्टात जावं लागलं, आणि निकालाची वाट बघण्यात एक पिढी गेली.

म्हणजे बघा, ज्याच्याकडून कोणी फार काही धरलं नव्हतं, ते त्यानं केलं. आणि ज्यासाठी आपण 'आपला माणूस' म्हणालो, ते जागचं हललं नाही. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. पंतप्रधानाच्या टेबलावर जे आग लागल्यासारखं येऊन पडतं, ते आधी उचललं जातं. गहाण पडलेलं सोनं टेबलावर होतं. आपण टेबलावर होतो का?

या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावातच होतं. तात्यांनी ठरवलं, पंतप्रधानांना मराठीत पत्र लिहायचं. वाचता येतं ना त्यांना! देवळाच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली. वर लिहिलं, 'माननीय पंतप्रधान साहेब यांस'. पुढं काय लिहायचं? एक म्हणाला सीमा. दुसरा म्हणाला, आधी शाळेला मास्तर मागा. तिसऱ्याला रस्ता पाहिजे होता, चौथ्याला रेल्वे. पाचवा म्हणाला, मास्तर मागायचा तर किती पोरांसाठी, ते लिहा. आकडा कोणापाशीच नव्हता. रात्र झाली, कंदील घेऊन माणसं घरी गेली. पत्र तेवढंच राहिलं. आशा गावभर होती, मागणी मात्र एका ओळीचीसुद्धा नव्हती.

त्याआधीची एक गोष्ट याला जोडून बघा. २४ जानेवारी १९६६ ला इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, तेव्हा राममनोहर लोहियांनी त्यांना 'गूंगी गुडिया' म्हटलं होतं. ही बाई काय करणार, असंच पुष्कळांना वाटे. पण त्या वर्षी मागणी जोरात होती. आंदोलनं चालू होती, म्हातारे सेनापती बापट उपोषणाला बसले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाजन आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये अहवाल आला. बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावं, असं त्यात होतं, आणि महाराष्ट्रानं तो नाकारला. निकाल मनासारखा लागला नाही, हे खरं. पण नव्या पंतप्रधानाच्या पहिल्याच वर्षी प्रश्न टेबलावर गेला होता. तो त्यांच्या चेहऱ्यामुळं गेला नाही. आंदोलनानं नेला.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, म्हणजे रेटा लावला तरी हातात काही येतच नाही की!" येतं. आणि त्याचा दाखला तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या फाइलीत आहे. ३७१-जेचं प्रमाणपत्र किती जणांनी काढलंय? हात वर करा. बघा, अर्धी खोली!

हे कलम आभाळातून पडलं नाही. जुन्या हैदराबाद राज्याचे तीन भाऊ. मराठवाड्यासाठी घटनेत ३७१ (२) ची तरतूद १९५६ लाच आली. तेलंगणासाठी ३७१-डी १९७३ च्या घटनादुरुस्तीनं आलं. मधला भाऊ, म्हणजे आपण, तसाच राहिला. "दोघांना दिलंत, मग आम्हाला का नाही?" एवढी साधी, एका वाक्याची मागणी होती. वैजनाथ पाटलांसारख्या माणसांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. वाजपेयी सरकारच्या काळात ती नाकारली गेली. माणसं घरी बसली नाहीत. मनमोहन सिंगांच्या काळात पुन्हा तोच कागद, तेच वाक्य. मल्लिकार्जुन खर्गे केंद्रात मंत्री होते, धरम सिंग बिदरचे खासदार होते, त्यांनी तो लावून धरला. डिसेंबर २०१२ मध्ये संसदेनं ९८वी घटनादुरुस्ती मंजूर केली. बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी अशा सहा जिल्ह्यांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या. त्यात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू सगळ्यांची पोरं आहेत. पंतप्रधान बदलत गेले, मागणी बदलली नाही, म्हणून ती पोचली.

आपल्या रेल्वेचंही तसंच. बिदर-कलबुर्गी मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला. वाजपेयी आले नि गेले, मनमोहन सिंग दहा वर्षं राहिले, आणि २९ ऑक्टोबर २०१७ ला मोदींनी बिदरला हिरवा झेंडा दाखवला. आता हुमनाबादच्या स्टेशनवर उभं राहून कोणाचा जयजयकार करायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच म्हणेन, झेंडा दाखवणारा एक असतो, फाइल पुढं ढकलणारे पुष्कळ असतात.

म्हणून नव्या पंतप्रधानाबद्दल आशा धरू नका, असं मी म्हणणार नाही. पंचविशीत आशा धरायची नाही तर केव्हा? फक्त चेहरा, भाषा, गाव, जात बघून ती धरू नका. आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्याकडं बघून सोडूही नका. त्या काकांना शहाणं वाटायला काही करावं लागत नव्हतं, हे लक्षात ठेवा.

काय मागायचं, तेही सांगतो. सीमेचा निकाल कोर्टापुढं आहे, तो कोर्टाच्या वेळेनं लागेल. पण शाळा उद्या सकाळी भरणार आहे. घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगितलंय, आणि त्यासाठी राष्ट्रपती राज्याला निर्देश देऊ शकतात. ३५०-ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा आयुक्त आहे. एका वर्गात दहा किंवा सगळ्या शाळेत चाळीस पोरं त्या भाषेची असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असं १९४९ लाच शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलंय. जिथं १५ टक्के लोक त्या भाषेचे, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, हेही ठरलेलं आहे. हे मागताना कन्नडशी भांडण नाही. कन्नड शिकाच, नोकरीला लागते, शेजाराला लागते. आपली भाषा टिकवायला दुसऱ्याची हाकलावी लागत नाही.

आमच्या गावाला पुढं शहाणपण आलं. दहा-बारा वर्षांनी बायकांनी घरोघर फिरून त्रेचाळीस पोरांची यादी केली, नाव, वय, इयत्तेसकट. ती यादी घेऊन त्या चार वेळा कचेरीत गेल्या. मास्तर आला. दीड वर्ष टिकला, मग बदली झाली. बायका पुन्हा यादी घेऊन निघाल्या. काम असंच असतं पोरांनो, एकदा करून संपत नाही.

तेव्हा आज जाताना आपापल्या गावाचं नाव या वहीत लिहा. पुढच्या रविवारपर्यंत तीन आकडे आणा: मराठी शाळेत पोरं किती, मंजूर शिक्षक किती, हजर किती. दिल्लीत जो कोण असेल, त्याच्या नावानं पत्र आपण लिहूच. त्याला मराठी येत नसलं तरी चालेल, आकडे वाचता येतील.