यंत्राचे हात आणि माणसाचा प्रश्न
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि माझी धाकटी बहीण हिवतापाने गेली, तेव्हापासून त्या रोगाविषयी जे हाती येईल ते मी वाचीत आलो आहे.

१८९७ साली सर रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. शत्रूचा मार्ग कळला. परंतु हे जंतू औषधांना सरावतात, म्हणून नवी औषधे शोधीत राहणे प्राप्तच आहे. हजारो रसायने हाताने पारखावयाची तर आयुष्य पुरत नाही. शिवाय रोग मुख्यत्वे गरिबांचा; नफा पाहणाऱ्यास त्यात गोडी ती कोठून?

अशा वेळी विद्यापीठांनी पुढे यावे लागते. वेल्समधील एबरिस्टविथ विद्यापीठात प्राध्यापक किंग व त्यांचे सहकारी यांनी ‘ईव्ह’ नावाची स्वयंचलित प्रयोगशाळा उभारली. यंत्राचे हात तबकड्यांतील बारीक खळग्यांत रसायनांचे थेंब सोडतात. खळग्यांत यीस्ट असते. काहींत जंतूचे जनुक बसविलेले, काहींत माणसाचे, आणि त्यांची चमक निरनिराळ्या रंगांची. रसायन जंतूचे कार्य रोखते पण माणसाचे रोखीत नाही ना, हे त्या चमकेवरून कळते. दिवसाला १०,००० हून अधिक रसायने पारखण्याची त्याची शक्ती; तरीही सरसकट न पारखता, आधीच्या निकालांवरून पुढची रसायने ते स्वतःच निवडते. हे कार्य २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली याच यंत्राच्या साहाय्याने, टूथपेस्टमध्ये वापरले जाणारे ट्रायक्लोसान हिवतापाच्या जंतूंतील एका महत्त्वाच्या विकराला कसे रोखते, ते दिसून आले. औषध सिद्ध झाले असे नव्हे. पण एक वाट दिसली.

यंत्राला थकवा नाही, पण बहिणीचे दुःखही नाही. कोणता रोग हाती घ्यावा, हा प्रश्न माणसानेच विचारावयाचा असतो.

गतवर्षी सूक्ष्मजीवशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या एका मुलीचा अर्ज आपण परत पाठविला. कारण आपले विद्यावेतन केवळ वैद्यक व अभियांत्रिकीसाठी आहे. त्या समितीत मीही होतो, आणि गप्प बसलो. आज ती चूक आपणा सर्वांसमोर कबूल करतो. हा नियम बदलावा व तिचा अर्ज पुन्हा मागवावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.