आंतून उघडणारें कुलूप



मोटारगाडीच्या मागच्या अंगास सामान ठेवण्याची जी बंद जागा असते, तिला आपण डिकी म्हणतों. हा शब्द आपणांकडे इंग्रजांबरोबर आला. त्यांच्या घोडागाडीच्या मागें नोकराला बसावयास एक उघडी बैठक असे, तिला ते डिकी म्हणत. पुढें मोटारी आल्या तेव्हां त्यांच्याहि पाठीशीं घडी करून मिटणारी तशीच बैठक आली. अमेरिकन लोक ह्याच जागेला ट्रंक म्हणतात, कारण पहिल्या मोटारींच्या मागें खरोखरीची ट्रंकच पट्ट्यांनीं आवळून नेत असत. एका नांवांत माणूस आहे आणि दुसऱ्यांत सामान. ह्या जागेंत सामानाऐवजीं माणूस सांपडला तर काय, हाच आज माझ्या बोलण्याचा मुख्य विषय आहे.

परंतु आरंभ सामानापासूनच करूं. बाजारांतून परतलेला गृहस्थ डिकींत पिशव्या ठेवतो, पिशव्यांबरोबर हातांतली किल्लीहि ठेवतो, आणि झाकण आदळून मोकळा होतो. आतां किल्लीवांचून ही डिकी उघडेल काय, असें तो मोठ्या काकुळतीनें विचारतो. त्याचें उत्तर कुलुपाच्या रचनेंत आहे. झाकणाच्या कडेला पोलादाचा एक फिरता आंकडा असतो आणि त्याच्यासमोर गाडीच्या अंगावर एक जाड कडी. झाकण खालीं आलें कीं आंकडा फिरून कडीस मिठी मारतो आणि एक लहानशी खिटी त्याच्या दांत्यामागें जाऊन बसते. ही खिटी बाजूस सारली कीं आंकडा स्प्रिंगच्या जोरानें मागें फिरतो व झाकण सुटतें. किल्ली फिरवून आपण करतों तें एवढेंच. चालकाच्या बैठकीजवळची मूठ ओढली असतां एक तार तीच खिटी ओढते. नव्या गाडींतलें बटण दाबलें असतां विजेवर चालणारी एक इवलीशी मोटर तीच खिटी ओढते. खिटीला किल्लीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तिला कोणी तरी ओढलें म्हणजे झालें. बाहेरच्या माणसांपैकीं कोणाला ती ओढूं द्यावयाची, एवढें ठरविण्यापुरती किल्ली असते.

हें ध्यानांत आलें म्हणजे त्या गृहस्थाची अडचण निम्मी सुटते. गाडीचीं दारें उघडीं असतील तर त्यानें प्रथम चालकाच्या बैठकीजवळ मूठ किंवा बटण आहे का तें पाहावें. नसेल, तर पुष्कळ गाड्यांत मागच्या बैठकीची पाठ पुढें दुमडतां येते. ती दुमडली कीं डिकीचा अंधार समोर मोकळा होतो. बॅटरी उतरल्यामुळें बटण मुकें झालें असेल, तर रेडिओ-किल्लीच्या पोटांत बहुधा धातूची एक साधी किल्ली लपविलेली असते, आणि तिचें भोंक कांहीं गाड्यांत झाकणावरील बोधचिन्हाच्या किंवा क्रमांकाच्या पाटीच्या आसपास दडविलेलें असतें. कांहीं गाड्यांची बॅटरीच डिकींत ठेवलेली असते, म्हणजे वीज गेल्यावर विजेपर्यंत पोहोंचण्याचाच मार्ग बंद. अशा गाड्यांत बाहेरून वीज जोडण्याचीं टोकें पुष्कळदां पुढल्या झांकणाखालीं काढलेलीं असतात. स्क्रूड्रायव्हरनें झाकण उचकटण्याचा मोह मात्र आवरावा. पत्रा वांकतो नि आंकडा जागचा हालत नाहीं.

मागची बैठक दुमडून त्या अंधारांत डोकावणाऱ्याला अनेक गाड्यांत एक चमत्कारिक वस्तु दिसते. झाकणाच्या आंतल्या अंगाला पिवळट हिरवी, मंद प्रकाशणारी एक मूठ लोंबत असते. तिच्यावर उघड्या डिकींतून उडी टाकून पळणाऱ्या माणसाचें लहानसें चित्र असतें. छत्रीच्या मुठीनें तिला अडकवून खेंचलें तरी झाकण फट्‌दिशीं उघडतें. किल्ली विसरणाऱ्याची सोय व्हावी म्हणून ही मूठ बसविली असेल, असें प्रथमदर्शनीं वाटण्याजोगें आहे. तिचा इतिहास मात्र निराळा आहे, आणि तो फार महाग पडलेला आहे.

आपल्या जुन्या घरांच्या दारांना बाहेरून कडी-कोयंडा असे, तशी आंतूनहि कडी असे. राहत्या खोलीचें दार आंतल्या माणसाला उघडतांच येऊं नये, अशी योजना कोणी शहाणा सुतार करीत नसे. मोटारीची डिकी बनविणाऱ्यानें ती खोली मानलीच नव्हती. ती पेटी होती, आणि पेटीच्या आंतून कडी कोण लावतो? झाकण आदळलें कीं आपोआप बंद व्हावें, पावसाचा थेंब आंत जाऊं नये, चोराला उघडतां येऊं नये, ह्या तिन्ही गोष्टी त्यानें उत्तम साधल्या. मूल म्हणून जें असतें, तें पेटी आणि खोली असा भेद करीत नाहीं, ही गोष्ट त्याच्या हिशेबांत नव्हती. लपंडाव खेळणाऱ्याला जितकी जागा अडचणीची तितकी ती पसंत.

हा धडा खरें पाहतां अमेरिकेंत पूर्वींच एकदां घेऊन झाला होता. तेथें शीतकपाटें घरोघर झालीं तेव्हां त्यांच्या दारांना बाहेरून खटका असे. जुनें कपाट परसांत टाकून दिलें कीं मुलें त्यांत लपत. दार मिटे, खटका बसे, आणि घट्ट रबरी कडांमुळें आंतली हांक बाहेर ऐकूं येत नसे. अशीं मुलें वारंवार दगावूं लागलीं. अखेर १९५६ सालीं तेथील काँग्रेसनें कायदा केला कीं, घरगुती शीतकपाटाचें दार आंतून उघडलेंच पाहिजे. आणि त्याप्रमाणें ठरलेलें प्रमाण असें कीं, पंधरा पौंडांच्या, म्हणजे सुमारें सात किलोंच्या आंतल्या जोरानें तें सुटावें. आज आपल्या स्वयंपाकघरांतलें शीतकपाट खटक्यावांचून नुसत्या चुंबकाच्या पट्टीनें मिटतें, त्यामागें हाच कायदा उभा आहे.

त्या वेळीं एक परीक्षा झाली, ती सांगण्यासारखी आहे. दोन ते पांच वर्षांच्या सुमारें दोनशें मुलांना शीतकपाटासारख्या बंद जागेंत, बाहेरून नीट लक्ष ठेवून, थोडा वेळ ठेवण्यांत आलें. १९५८ सालीं तिचा वृत्तांत बालरोगांच्या एका मान्यवर नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांनीं दाराला धक्के दिले, कांहीं रडलीं, आईला हांका मारूं लागलीं. आणि कांहीं अगदीं स्वस्थ, हातपाय न हालवितां बसून राहिलीं. ह्या शेवटच्या मुलांचा विचार माझ्या मनांतून जात नाहीं. संकटांत सांपडलेला मनुष्य धडपड करील हें आपण गृहीत धरतों. लहान मूल पुष्कळदां कोणी तरी येईल म्हणून वाट पाहतें. उलट्यासुलट्या चार युक्त्या करून सुटणारें कुलूप त्याच्या कामाचें नाहीं. जें दिसेल, हाताशीं येईल आणि एका ओढीनें सुटेल, तेंच त्याला वांचवील.

शीतकपाटाच्या बाबतींत जें उमगलें तें मोटारीच्या डिकीपर्यंत पोहोंचावयास चव्वेचाळीस वर्षें लागलीं. १९८४ सालीं एका नागरिकानें, डिकी आंतून उघडण्याची सोय सक्तीची करावी असा अर्ज अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याकडे केला होता. तो नामंजूर झाला. असे प्रसंग क्वचितच घडत असावेत, आणि मूठ बसविली तरी आंतला माणूस ती वापरीलच असें नाहीं, असा एकंदर सूर होता. परंतु प्रसंग क्वचित् घडतात हें कशावरून ठरलें? खात्याच्या नोंदवह्यांत रस्त्यावरील अपघात मांडलेले होते. उभ्या गाडीच्या डिकींत जो गेला, त्याची गाडी कशावर आदळली नव्हती. म्हणून तो त्या वह्यांत नव्हताच. ज्याची मोजदाद नाहीं तें घडतच नाहीं, ही कचेऱ्यांची जुनी समजूत आहे, आणि ती एकट्या अमेरिकेपुरती नाहीं.

ही मोजदाद सरकारच्या आधीं एका बाईनें केली. १९९५ च्या ऑक्टोबर महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को शहरीं जॅनेट फेनेल, त्यांचे यजमान आणि त्यांचें नऊ महिन्यांचें बाळ रात्रीं घरीं परतलीं. गाडी आंत घेऊन दार खालीं येतें न येतें तोंच शस्त्रधारी दरोडेखोर आंत शिरले. त्यांनीं पतिपत्नीला त्यांच्याच गाडीच्या डिकींत कोंबलें आणि गाडी हांकली. बाळ कोठें आहे, हें आईला ठाऊक नव्हतें. एका निर्जन ठिकाणीं लुटालूट करून, त्यांना पुन्हां आंत डांबून, ते लोक निघून गेले. अंधारांत बाईंनीं आंतलें अस्तर ओरबाडून काढलें. चांचपडतां चांचपडतां झाकणाची ती तार हाताशीं लागली, यजमानांनीं ती ओढली, आणि खिटी सुटली. बाळहि पुढें सुखरूप मिळालें. वरच्या परिच्छेदांत मीं ज्या खिटीचें वर्णन केलें, तिच्याशीं अस्तरामागून गांठ घालून देणारी ती एक तार होती म्हणून तीन माणसांचें घर उभें राहिलें. ती तार उघड्यावर आणून तिला मूठ लावण्यास किती खर्च येणार?

फेनेलबाईंनीं हाच प्रश्न धरून ठेवला. वर्तमानपत्रांचीं जुनीं कात्रणें, पोलिसांचे वृत्तांत, वांचलेल्यांच्या हकीकती जमवून डिकींत सांपडलेल्या माणसांचीं शेंकडों उदाहरणें त्यांनीं गोळा केलीं व एक चळवळ उभारली. १९९८ च्या जूनमध्यें काँग्रेसनें ह्या विषयाचा अभ्यास करण्यास खात्याला फर्माविलें. त्या अभ्यासाची शाई वाळण्यापूर्वींच, त्याच वर्षाच्या जुलै-ऑगस्टांत, न्यू मेक्सिको, पेनसिल्व्हेनिया आणि यूटा ह्या तीन संस्थानांत तीन निरनिराळ्या प्रसंगीं मिळून अकरा मुलें डिकींत अडकून मरण पावलीं. यूटामधील एकाच गाडींत पांच लहान मुली होत्या. त्यांना कोणी पळवून नेलें नव्हतें. तीं मुलें खेळत होतीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे धान्याच्या पेंवांत उतरण्यापूर्वीं झाकण काढून हवा खेळूं देत, कारण आंतल्या कोंदट वायूनें माणूस गुदमरे. डिकींतल्या मुलाचा काळ मात्र मुख्यतः उष्णता हा आहे. उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आंतील उष्णतामान तासाभरांत सरासरी बावीस अंश सेल्सिअसनें चढतें, आणि त्यांतील सुमारें चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच होते, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. हे आंकडे बैठकीच्या भागाचे आहेत. डिकी त्याच गाडीचा, खिडकी नसलेला भाग आहे. लहान मुलाचें शरीर प्रौढापेक्षां कितीतरी लवकर तापतें. कोणी तरी येईल म्हणून वाट पाहणाऱ्या मुलाजवळ वेळ असा किती असतो, तें ह्यावरून कळेल.

त्या उन्हाळ्यानंतर मात्र गोष्टी हालल्या. तज्ज्ञांची समिति बसली, कांहीं कारखानदारांनीं सक्तीची वाट न पाहतां मुठी बसविण्यास सुरुवात केली, आणि ऑक्टोबर २००० मध्यें खात्यानें नियम प्रसिद्ध केला. १ सप्टेंबर २००१ पासून अमेरिकेंत विक्रीसाठीं तयार होणाऱ्या, निराळी डिकी असलेल्या प्रत्येक प्रवासी मोटारींत ती आंतून उघडण्याची सोय असणें बंधनकारक झालें. नियमाची भाषा रुक्ष आहे, परंतु तिच्यांत विचार पुष्कळ आहे. डिकी कशास म्हणावें? तर तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचा पुतळा जींत मावेल, ती. मूठ हातानें ओढावयाची असेल तर ती बंद डिकीच्या काळोखांत सहज दिसली पाहिजे. म्हणून तें हिरवें तेज. झाकण उघडें असतां पडलेला प्रकाश तो पदार्थ साठवितो आणि अंधार होतांच परत देऊं लागतो. त्याला वीज लागत नाहीं नि बॅटरी उतरल्याचें भय नाहीं. हाताची मूठ न ठेवतां यंत्रानेंच आंतला माणूस ओळखून झाकण उघडावयाचें असेल, तर तें पांच मिनिटांच्या आंत उघडलें पाहिजे. ज्यांची सामानाची जागा पुढें असते, त्या गाड्यांचाहि विचार झाला आहे. कारण धांवत्या गाडीचें पुढलें झाकण सताड उघडून कांचेवर आदळलें तर एकाला वांचवितांना चौघे जावयाचे. म्हणून तेथें गाडी वेगांत असतां पहिलाच खटका सुटतो, दुसरा झाकण धरून राहतो. आज विजेवर चालणाऱ्या गाड्यांना पुढें यंत्र नसल्यामुळें तेथें पुन्हां पेटी आली आहे, आणि तिच्याहि आंत प्रकाशणारें बटण दिसतें, तें ह्यामुळेंच.

ज्या गाडीचें मागचें दार कांचेसकट वर उचललें जातें, तिला हा नियम लागू नाहीं. तेथें सामानाची जागा बैठकीपासून पूर्णपणें तुटलेली नसते. आपल्याकडील पुष्कळशा लहान गाड्या ह्याच जातीच्या आहेत. पण निराळी डिकी असलेल्या गाड्याहि आपल्या रस्त्यांवर थोड्या नाहींत, आणि नियम अमेरिकेचा असल्यामुळें येथील प्रत्येक गाडींत ती मूठ सांपडेलच असें नाहीं. तेव्हां ती आपल्या गाडींत आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें स्वतः पाहावें. असेल तर घरांतील मुलांना ती दाखवावी आणि झाकण उघडें असतांनाच त्यांच्या हातून दोनचार वेळां ओढून घ्यावी. नसेल तर किल्ली मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावी, उभ्या गाडीचीं दारें नेहमीं बंद करावीं, मागची बैठक दुमडलेली सोडूं नये. आणि मूल दिसेनासें झालें तर विहीर आणि रस्ता पाहण्यास धांवतांना एकानें अंगणांतल्या गाडीकडेहि धांवावें, डिकी प्रथम उघडावी.

मूठ नीट चालते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोणी आंत शिरून झाकण लावून घेऊं नये. झाकण वर असतांच एखाद्या पेचकसाच्या दांड्यानें तो फिरता आंकडा खटका वाजेपर्यंत दाबावा, म्हणजे कुलूप आपणांस बंद झाल्यासारखें समजतें. मग आंतली मूठ ओढावी. आंकडा टण्‌कन् उघडला तर काम ठीक आहे. उघडला नाहीं तर किल्लीनें तो सोडवून घ्यावा, त्यापूर्वीं झाकण खालीं आणूं नये, आणि गाडी त्याच दिवशीं कारागिराकडे न्यावी.