दोष नेमका कुठे?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामातली एक उपयोगाची गोष्ट सांगावी, असे संयोजकांनी सुचवले. मी संगणकाच्या नेटवर्कची दुरुस्ती करतो, म्हणून 'लूपबॅक' चाचणीविषयी बोलतो.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात विहिरीवरची मोटर बंद पडली की जाणता शेतकरी लगेच मोटर वर काढत नाही. लाइन आहे का, फ्यूज, स्टार्टर, केबल असा एकेक टप्पा पाहतो. संगणकाचे नेटवर्क बंद पडले की मात्र आपण "मदरबोर्ड गेला" हे ऐकून मुकाट्याने पैसे मोजतो.

नेटवर्कची तार जिथे खोचतो, त्यामागे इथरनेट कंट्रोलर चिप असते. तिचा 'मॅक' हा भाग माहितीची पाकिटे बांधतो. 'फाय' हा भाग त्यांचे तारेवरच्या विद्युत संकेतांत रूपांतर करतो. काही संगणकांत फायची चिप वेगळी असते. त्यापुढे छोटा ट्रान्सफॉर्मर आणि जॅक. लूपबॅक म्हणजे पाठवलेले पाकीट वाटेतूनच मागे वळवायचे आणि जसेच्या तसे परत आले का, ते ताडून पाहायचे.

वळवण्याची जागा दर वेळी थोडी पुढे न्यायची. पहिली फेरी मॅकच्या आतच. दुसरी फायपर्यंत, त्यासाठी इथरनेटच्या मानकातच सोय आहे, फायच्या शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमधला १४ वा बिट १ करायचा. तिसरी फेरी जॅकपर्यंत. एका आरजे-४५ प्लगमध्ये १ नंबरची तार ३ ला आणि २ नंबरची ६ ला जोडायची, वेग १०० मेगाबिट व फुल डुप्लेक्स ठेवायचा. ज्या फेरीत पाकीट हरवले, त्या फेरीत नव्याने आलेल्या भागात दोष. ही युक्ती जुनीच आहे. नॅशनल सेमीकंडक्टरच्या डीपी-८३९० या चिपमध्येही लूपबॅकचे असे तीन प्रकार होते.

एक लक्षात ठेवा. १२७.०.०.१ ला पिंग करून उत्तर आले म्हणजे चिप चांगली, असे नव्हे. ते पाकीट सॉफ्टवेअरमधूनच परत फिरते, चिपपर्यंत पोहोचतच नाही.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जिल्ह्यातल्या एका शाळेजवळ वीज पडली आणि तीन संगणक नेटवर्कवर येईनात. तिन्ही मदरबोर्ड बदला, असा सल्ला शाळेला मिळाला होता. तेवढे पैसे नव्हते, आणि मुलांचे फॉर्म भरायचे होते. दोन संगणकांत पहिल्या दोन फेऱ्या पार पडल्या, तिसरी अडकली. म्हणजे बिघाड फायच्या तारेकडच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा जॅकमध्ये; बाकी बोर्ड ठणठणीत. त्या दोघांत वेगळी नेटवर्क कार्डे बसवली. तिसऱ्या संगणकात तिन्ही फेऱ्या पार पडल्या. मग तार पाहिली, तर कपाटामागे उंदरांनी कुरतडलेली! संध्याकाळपर्यंत तिन्ही संगणक सुरू झाले.

चाचणीची मर्यादाही सांगतो. लूपबॅकमध्ये चिप स्वतःशीच बोलते. समोरच्या स्विचशी वेग किंवा डुप्लेक्स जुळत नसेल, तार १०० मीटरपेक्षा लांब ओढली असेल, तर सगळ्या फेऱ्या पार पडूनही काम अडते. म्हणून शेवटची परीक्षा खऱ्या तारेवर, दुसऱ्या संगणकाशी बोलूनच घ्यायची.

विज्ञानाच्या तासाला सर विद्युत परिपथ शिकवताना म्हणायचे, आधी कुठे तुटले ते शोधा, मग हात लावा. माझा धंदा त्यावरच चालतो.

शाळेच्या संगणक कक्षासाठी मी असे चार प्लग करून आणले आहेत. पण पाचवा मुलांकडूनच करून घ्यावा, ही सरांना विनंती. लागतो एक प्लग, वीतभर तार आणि क्रिम्पिंगचा पक्कड.